पेटीतले चोवीस दगड ओळखायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

खडूफळा
नमस्कार मंडळी. प्रयोगशाळेचं कपाट आवरताना एक लाकडी पेटी सापडली. चोवीस खण, चोवीस दगड, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला नावांची यादी चिकटवलेली होती, ती कसरीने पार खाल्लीय. ७ नंबरपुढे '...इट' एवढंच वाचता येतं, आणि ते निम्म्या खनिजांना लागू पडतं.

मी गणित शिकवतो. विज्ञानाच्या बाई दीर्घ रजेवर आहेत, म्हणून पेटी माझ्या गळ्यात. पुस्तकातल्या चित्रांशी रंग जुळवत दोन तास बसलो आणि ४, ११, १५, १७ आणि २२ या पाच पांढऱ्या दगडांना 'क्वार्ट्झ' ठरवून मोकळा झालो. पाचही क्वार्ट्झ असतील असं माझं मलाच पटत नाही. हाताशी काच, चुंबक, खिळे, इलेक्ट्रॉनिक तराजू आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची एक जुनी बाटली आहे. एवढ्यावर किती ओळखता येतील?

पाऊलवाट
वाचनखूण साठवली. माझ्याकडेही असा एक डबा आहे, पण त्याला आकडेसुद्धा नाहीत.

तिरकस
पाच पांढऱ्यांना एकच नाव दिलंत? गणिताचे सर ना तुम्ही? समान पद एकत्र करायची सवय जात नाही. (हलकेच घ्या.)

खाणाखुणा
सर, चित्रांचं पुस्तक आधी मिटा. खनिजं ओळखताना रंग सगळ्यात शेवटी बघायचा. क्वार्ट्झच घ्या: शुद्ध असेल तर पाण्यासारखा, लोह आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग यांच्यामुळे जांभळा, ॲल्युमिनियम आणि किरणोत्सर्ग यांच्यामुळे धुरकट. कुरुविंदात किंचित क्रोमियम शिरलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम शिरलं की नीलम. खनिज तेच, शेंदूर वेगळा.

आधी दगड हातात घ्या आणि आकाराच्या मानाने जड लागतो का बघा. मग चमक: धातूसारखी की अधातू? या एका प्रश्नावर पेटीचे दोन ढीग होतील. धातूसारखी चमक असलेल्यांचा कस बघायचा, म्हणजे चकाकी नसलेल्या खरबरीत फरशीवर दगड घासून भुकटीचा रंग बघायचा. बाथरूमच्या टाइलची मागची बाजू चालते. बाकीच्यांची कठिनता आणि पाटन बघा. पाटन म्हणजे ठरावीक दिशांनी सपाट फुटण्याचा गुण.

कठिनतेसाठी खनिजशास्त्रज्ञ मोज यांची १८१२ सालची मापपट्टी अजून वापरात आहे. संगजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्ल्युओराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुविंद ९, हिरा १०. मधली मापं तुमच्याकडेच आहेत: नख साधारण अडीच, तांब्याची तार तीनच्या आसपास, काच आणि चाकूचं पातं साडेपाच. पाच पांढरे दगड आधी नखाने ओरखडा, मग खिळ्याने, मग त्यांनी काच ओरखडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

भटकभवानी
खाणाखुणा काकांना अनुमोदन, पण एक खड्डा दाखवून ठेवते, कारण मी त्यात पडलेय. नदीच्या पात्रातून एक पांढराशुभ्र दगड आणला, काचेवर ओढला, रेघ उठली. झालं, क्वार्ट्झ! मैत्रिणीला ऐटीत दाखवला. तिने ती रेघ बोटाने पुसली. काच कोरी. रेघ काचेवर पडलीच नव्हती, दगडच झिजून त्याची भुकटी काचेवर बसली होती. पाटीवर पेन्सिल चालते तशी. तेव्हापासून ओढायचं, पुसायचं आणि मग नखाचं टोक आडवं फिरवून खाच लागते का बघायचं, हा क्रम पाळते.

आणि ताज्या बाजूवर ओरखडा. वर्षानुवर्षं हवापाणी खाल्लेला वरचा थर मऊ असतो.

खडूफळा
केलं! ४ वर नखाने सहज ओरखडा उठतो. ११ आणि १७ नखाला दाद देत नाहीत, खिळ्याला देतात. १५ आणि २२ काच कापतात, पुसूनही रेघ राहते. म्हणजे पाच क्वार्ट्झपैकी तीन तर आजच बाद. बरं वाटलं आणि वाईटही.

पण आम्ल मेलेलं दिसतंय. खात्री म्हणून वर्गातल्या खडूवर दोन थेंब टाकले. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट ना? एक बुडबुडा नाही.

खाणाखुणा
आम्ल जिवंत असेल हो, खडू वेगळा असेल. फळ्याचे बरेच खडू जिप्समचे असतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते फसफसत नाही. शिंपल्याच्या तुकड्यावर टाकून बघा. डोळ्यांना चष्मा हवा आणि थेंब म्हणजे थेंबच.

तिरकस
'खडूफळा' या आयडीला खडू कशाचा ते माहीत नाही. आता फळाही तपासून घ्या सर.

खडूफळा
शिंपला फसफसला. आम्ल जिवंत, मी शरमिंदा. आणि १७ वर थेंब टाकताच फेस आला! ११ वर मात्र ढिम्म काही नाही.

प्रयोगवही
१७ कॅल्साइट. त्याचा एखादा सुटा तुकडा असेल तर कोन मोजा, तुम्हाला आवडेल. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतो, पण त्या दिशा काटकोनात नसतात. सुमारे ७५ आणि १०५ अंशांची तिरकी चौकट मिळते. कितीही बारीक फोडा, तीच चौकट लहान होत जाते. तुकडा पारदर्शक निघाला तर छापील ओळीवर ठेवा, अक्षरं दुहेरी दिसतील. डॅनिश शास्त्रज्ञ बार्थोलिन यांनी हे १६६९ मध्ये नोंदवलं होतं.

११ जर कॅल्साइटसारखाच मऊ असून फसफसत नसेल, तर थोडी भुकटी करून तिच्यावर थेंब टाका. डोलोमाइट अखंड असताना गप्प बसतो, भुकटी केली की बोलतो.

शंकासुर
रंगाचा भंग करतो, माफी असावी. नखं आणि खिळे घेऊन खनिजं 'ओळखली' असं म्हणणं हा मला फाजील आत्मविश्वास वाटतो. फेल्स्पार या खनिजगटातला एक प्रकार दुसऱ्यापासून वेगळा काढायचा तर सूक्ष्मदर्शक किंवा क्ष-किरण विवर्तन हवं. आणि मोज मापपट्टी ही मापपट्टीच नाही, ती नुसती रांग आहे. कोण कोणाला ओरखडतो एवढंच सांगते. ९ आणि १० यांच्यातलं अंतर १ नाही. प्रत्यक्ष मोजलं तर कुरुविंद ते हिरा ही एक उडी संगजिऱ्यापासून कुरुविंदापर्यंतच्या अख्ख्या प्रवासापेक्षा मोठी भरते.

खाणाखुणा
रांग आहे हे मान्य, शंकासुर. पण सरांना प्लेजिओक्लेज नावाच्या फेल्स्पारमधलं सोडियम मोजायचं नाहीये, कॅल्साइटला क्वार्ट्झ म्हणणं थांबवायचंय. तीस-पस्तीस वर्षं खाणींवर काम केलं. खिशात भिंग, पट्ट्याला हातोडी, पिशवीत आम्लाची कुपी. प्रयोगशाळेचा अहवाल यायला आठवडा लागायचा आणि छिद्रण कुठे करायचं ते त्याच दुपारी ठरवावं लागायचं. अहवाल आल्यावर कधीकधी तोंडघशीही पडलो, पण चारपाच गुण एकत्र जुळले की बहुतेक वेळा नाव बरोबर निघायचं. एका गुणावर नाव ठेवणारा मात्र नक्की फसतो.

खडूफळा
शंकासुर, तुमचा मुद्दा मी उद्या वर्गात चोरणार आहे. क्रमवाचक आणि संख्यावाचक यांतला फरक सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं.

शंकासुर
घ्या खुशाल. आणखी एक घ्या: कायनाइटच्या निळ्या लांबट स्फटिकाला दोन कठिनता असतात. लांबीच्या दिशेने ओरखडलं तर साडेचार-पाच, आडवं ओरखडलं तर साडेसहा-सात. एकाच दगडावर खिळा उभा चालतो, आडवा चालत नाही.

काजवा
मी लहानपणी सगळे दगड चाटून बघायचो. खारट लागला की हॅलाइट, म्हणजे मीठच. सोपी पद्धत आहे, कोणी सांगत कसं नाही?

भटकभवानी
कारण सगळ्यांना जगायचंय. गॅलेना म्हणजे शिसं, सिनाबार म्हणजे पारा, पिवळाधमक ऑर्पिमेंट आणि लालभडक रिअल्गार म्हणजे आर्सेनिक. दिसायला एकाहून एक देखणे! अनोळखी दगड तोंडात घालायचा नाही आणि काम झालं की साबणाने हात धुवायचे. काजवा, तू अजून चमकतोयस हेच नशीब.

खडूफळा
आज धातूसारख्या चमकेच्या ढिगाचा नंबर लावला. टाइल उलटी करून वर्गातच बसलो, मुलं भोवती. ३ नंबर करडा-काळा, पोलादासारखा. त्याने टाइलवर विटकरी लाल रेघ काढली! मागच्या बाकावरून 'ओऽऽ' असा आवाज आला. दुसरा तसाच काळा, १२ नंबर, त्याची रेघ काळी आणि चुंबक त्याला टपकन चिकटलं. ६ आणि २० सोनेरी आहेत. दोघांची रेघ जवळजवळ सारखी, हिरवट काळी.

खाणाखुणा
३ हेमॅटाइट. वरून काळा, करडा, तांबूस कसाही दिसो, कस लालच. नावही ग्रीकमधल्या रक्तावरूनच आलंय. १२ मॅग्नेटाइट. हे दोन कसाने वेगळे पडतात, नुसत्या डोळ्यांनी भलेभले चुकतात. सोनेरी जोडीला खिळा लावा. पायराइटची कठिनता सहा-साडेसहा, खिळा घसरेल. चाल्कोपायराइटची साडेतीन-चार, ओरखडा उठेल.

प्रयोगवही
आणि सोनं असेल अशी आशा असेल तर सोन्याचा कस पिवळा असतो, काळा कधीच नाही. शिवाय सोनं हातोडीखाली चपटं होतं. पायराइटचा चुरा होतो.

तिरकस
माझ्या आयडीत कस आहे म्हणून इथे बोलायचा अधिकार माझाच. बघा, सोनाराच्या काळ्या दगडाला आपण 'कसोटी' म्हणतो, तिच्यावर 'कसाला लावतो', माणूस 'कसाला उतरतो'. भूविज्ञानाने रेघेला तोच शब्द घेतला. फरक एवढाच की सोनार जाणतो ते सोनंच आहे, तो शुद्धता बघतो. सरांना ते काय आहे इथपासून सुरुवात आहे.

तात्पर्य: जे कसरीने खाल्लं ते कसाने परत मिळतंय.

पाऊलवाट
खिक! तिरकस, हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

खडूफळा
६ वर खिळा घसरला, २० वर ओरखडा उठला. पायराइट आणि चाल्कोपायराइट, जमा!

आता एक भाबडा प्रश्न. क्वार्ट्झला पाटन नसतं असं वाचलं. पण १५ तर चांगला सहा बाजूंचा, टोकदार, प्रत्येक बाजू आरशासारखी सपाट. हे पाटन नाही तर काय?

खाणाखुणा
भाबडा नाही, नेमका प्रश्न आहे. त्या बाजू वाढताना आलेल्या आहेत, फुटताना नाही. स्फटिक तयार होताना अणूंच्या रचनेप्रमाणे बाजू घडतात. पाटन म्हणजे मोडल्यावर कुठे फाटतं ते. १५ चा बूड जिथे तुटलाय तिथे बघा: खोलगट, लाटांसारख्या वळ्या, जाड काच फुटते तशा. त्याला शंखाभ भंजन म्हणतात. आता २२ उन्हात धरून हळूहळू फिरवा. एका कोनात आला की अख्खा पृष्ठभाग एकदम चमकून विझेल, आणि सुमारे काटकोनात फिरवला की पुन्हा तसंच. असं झालं तर तो फेल्स्पार. भूकवचाचा निम्म्याहून जास्त भाग फेल्स्पारांचाच आहे, पेटीत असणारच.

खडूफळा
तस्संच झालं. खिडकीशी धरला तर मध्येच लखकन पेटतो.

काजवा
सर, पेटीत पातळ पापुद्रे निघणारे दगड असतील तर ते अभ्रक. पापुद्रा वाकवून सोडा, परत सरळ होतो. जिप्समचा वाकवला तर वाकडाच राहतो. हे मी न चाटता शिकलोय.

खडूफळा
१९ नंबर अजून बघितला नाही. हिरवट पांढरा, रेशमासारखी चमक, आणि कडेने धागे सुटलेत. अक्षरशः कापसासारखे. चिमटीत धरून ओढले तर निघतील असं वाटतं. उद्या मुलांना देतो.

भटकभवानी
सर, थांबा. देऊ नका.

खाणाखुणा
भटकभवानी यांचं ऐका. जुन्या पेट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. तंतुमय जिप्समही रेशमी चमकतं, पण त्याचे तंतू एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. लवचीक, सुटे, दोऱ्यासारखे तंतू दिसले की परीक्षा बंद. ओरखडायचं नाही, फुंकर मारायची नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं नाही. ते तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि दुखणं कित्येक वर्षांनी वर येतं. दगड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, ती दुसऱ्या पिशवीत, वर चिठ्ठी. तो खण ओल्या कागदाने पुसा आणि कागदही त्याच पिशवीत. पुढची विल्हेवाट धोकादायक कचरा हाताळणाऱ्यांकडूनच.

शंकासुर
इथे मात्र मी म्हणतो की ओळखायच्या फंदात पडूच नका.

खडूफळा
दोन पिशव्यांत बंद करून कुलपात ठेवलाय. हात धुतले. चिमटीत धरला नव्हता, नुसता विचार होता. आभार कसे मानू कळत नाही.

प्रयोगवही
११ चं काय झालं? जीव अडकलाय.

खडूफळा
भुकटीवरही फेस नाही. म्हणून काल त्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या तो कितीपट जड आहे ते, काढलं. तराजूवर पाण्याचं चंचुपात्र ठेवलं, आकडा शून्यावर आणला, दगड दोऱ्याने पाण्यात सोडला. दगडाचं हवेतलं वजन ३१८ ग्रॅम. पाण्यात सोडल्यावर तराजूने दाखवलं ३१८. भागाकार केला: १. म्हणजे दगड पाण्याएवढाच. चक्रावलोय.

तिरकस
अभिनंदन! तरंगता-बुडता दगड. थोडा धक्का दिलात तर मधल्यामध्ये लटकेल.

प्रयोगवही
सर, दगड तळाला टेकवलात! टेकला की तराजूवर त्याचं सगळं वजन येणार. दोरा वर काठीला बांधा, दगड पूर्ण बुडू दे, पण तळाला आणि काचेला शिवू देऊ नका. मग तराजू फक्त बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवेल. चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने सोडवा.

खडूफळा
टेकवला होता. गणिताच्या मास्तरने. कोणाला सांगू नका.

नवा आकडा ७१. ३१८ भागिले ७१ म्हणजे ४.४८. पडताळा म्हणून १५ केला: २१२ भागिले ८०, २.६५.

खाणाखुणा
२.६५ म्हणजे क्वार्ट्झवर शिक्कामोर्तब. ११ बॅराइट, अर्थात बेरियम सल्फेट, ४.५. नाव ग्रीकमधल्या 'जड' या शब्दावरून. तेलविहिरी खोदताना चिखल जड करायला हाच घालतात. आता १७ एका हातात आणि ११ दुसऱ्या हातात धरा. दिसायला भाऊ-भाऊ, बॅराइटचे तुकडेही तिरके चौकोनी पडू शकतात, पण एक हात खाली जाईल. हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, आधी हातात घ्या म्हणून!

खडूफळा
घेतला होता काका, पण पेटीत हाताला सवय होईल असं दुसरं काही नव्हतं. आता डोळे मिटूनही सांगतो. मुलांनाही डोळे बांधून ओळखायला लावलं. सव्वीसपैकी तेवीस जणांनी बरोबर सांगितलं.

पाऊलवाट
पाच पांढऱ्यांचे पाच निघाले तर. जिप्सम, बॅराइट, क्वार्ट्झ, कॅल्साइट, फेल्स्पार. मी आज टाइल आणि खिळा शोधून ठेवलाय.

खडूफळा
महिन्याने धागा वर काढतोय, कारण बातमीच तशी आहे. डेडस्टॉक रजिस्टरच्या जुन्या बाडात पेटीची पूर्ण यादी सापडली.

आपण एकोणीस ठरवले होते. सोळा जुळले. ९ मध्ये आपण आपटलो: मी काळा, लांबट, काच ओरखडणारा एवढंच सांगितलं आणि हॉर्नब्लेंड ठरलं. यादीत टूर्मलीन आहे. आता भिंगाने बघितलं तर अंगावर उभ्या रेघा आहेत, आडवा छेद फुगीर कडांचा त्रिकोण आहे, आणि पाटन कुठेच नाही. १९ समोर स्वच्छ अक्षरात 'ॲस्बेस्टॉस' लिहिलंय. वाचून अंगावर काटा आला. शाळेने तो रीतसर बाहेर दिला.

राहिले दोन. यादी म्हणते ११ कॅल्साइट आणि १७ बॅराइट.

शंकासुर
१७ फसफसतो आणि ११ चं विशिष्ट गुरुत्व ४.४८. यादी चुकली आहे. हे मी म्हणतोय, नोंद घ्या.

भटकभवानी
म्हणजे इतकी वर्षं मुलं बॅराइटला कॅल्साइट म्हणून पाठ करत होती?

खडूफळा
तसंच दिसतंय. कोणी थेंब टाकलाच नसणार. रजिस्टरमध्ये दुरुस्ती करायची तर मुख्याध्यापकांची सही लागते. अर्ज लिहिलाय. विषय: अनुक्रमांक ११ व १७ यांची अदलाबदल.

तिरकस
सोबत दगड आणि कुपी घेऊन जा. कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही.

खडूफळा
गेलो. १७ वर एक थेंब टाकून दाखवला, फसफसला, मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि सही केली. कुपी परत बंद करताना दुसरा थेंब त्यांच्या पांढऱ्या पेपरवेटवर पडला. तोही छान फसफसला. पेपरवेट अस्सल संगमरवरी, म्हणजे कॅल्साइटच, हे सिद्ध झालं. वर आता एक खरबरीत डाग आहे. हा विषय अर्जात नव्हता.